इंटरनेट फोन, ११२ आणि आपला पत्ता: विदर्भातल्या खेड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर आली, तालुक्याच्या गावांत घरोघरी वायफाय लागलं आणि सिमला रेंज नसलेल्या घरातही व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागू लागला. त्यामुळे बऱ्याच घरांनी मनाशी धरलं आहे की इंटरनेटवर बोलता येतं म्हणजे वेळेला अ‍ॅम्ब्युलन्सही बोलावता येईल. तसं होत नाही, आणि हे नेमकं रात्री दोन वाजता कळावं असं आम्हा कनेक्शन देणाऱ्यांना वाटत नाही. नवं कनेक्शन घेणारे, वावरात वायफाय बसवणारे आणि मुलं बाहेरगावी असलेले आईवडील जे विचारतात, ते इथे उत्तरांसह दिलं आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर पत्ता कसा सांगायचा एवढा एक प्रश्न वाचा आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ किंवा १०८ लागतो का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल ही अ‍ॅप तेच अ‍ॅप वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाशी बोलणं करून देतात. टेलिफोनच्या जाळ्यात ती शिरतच नाहीत, त्यामुळे ११२ (पोलीस, आग, आजार सगळ्यांसाठी), १०८ (अ‍ॅम्ब्युलन्स), १०१ (आग) यांतला कोणताच नंबर त्यांच्यावरून लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या वापराच्या अटींतच हे लिहून ठेवलं आहे. घरातल्या लहान मुलांना हे आवर्जून सांगा. त्यांच्या हाती फोन आला की ती थेट त्या हिरव्या चिन्हाकडे जातात.

मग इंटरनेट फोन म्हणजे नेमके कोणकोणते? आमच्याकडे फायबरसोबत लॅंडलाइन नंबर आला आहे, तोही त्यातच का?

हो, तोही इंटरनेटच्या पद्धतीनेच चालतो, पण सगळ्यांना एका पंक्तीत बसवू नका.

फायबरच्या डब्याला जोडलेला फोन एका जागी बसलेला असतो. त्याला एसटीडी कोडसह नंबर असतो आणि कंपनीकडे घराचा पत्ता असतो. त्यावरून ११२ साध्या फोनसारखा डायल करता येतो.

दुसरा प्रकार ऑफिसांचा. संगणकावर किंवा मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकायचं, कंपनीने दिलेला नंबर त्यात भरायचा आणि जिथे इंटरनेट असेल तिथून बोलायचं. बीएसएनएलने २०१८ मध्ये ‘विंग्ज’ नावाने अशी सेवा आणली होती, तिच्यात सिमसुद्धा लागत नव्हतं. इथे नंबर माणसासोबत फिरतो, पत्ता मात्र कागदावर एकच राहतो. खरी अडचण या प्रकाराची आहे.

तिसरं वायफाय कॉलिंग. नंबर सिमचाच असतो, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल जातो. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली.

आणि फोनच्या कोपऱ्यात दिसणारं व्होल्टी (VoLTE)? तेही आतून इंटरनेटच्याच पद्धतीने चालतं, पण कॉल टॉवरवरून जातो आणि तुम्ही कोणत्या टॉवरखाली आहात हे कंपनीला माहीत असतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

आपण कुठून बोलतो आहोत हे ११२ वाल्यांना आपोआप कळत नाही का? टीव्हीवर तर दाखवतात.

कळतं, पण किती नेमकं कळतं ते समजून घ्यायला हवं. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

साधा मोबाइल कॉल ११२ ला गेला की टेलिफोन कंपनीकडून त्या नंबरचं ठिकाण मागवता येतं. हे ठिकाण टॉवरवरून काढलेलं असतं. फोन कोणत्या टॉवरला धरून आहे आणि त्या टॉवरच्या कोणत्या बाजूच्या अँटेनाला, एवढं त्यातून समजतं. नागपूरच्या सीताबर्डीत टॉवर जवळजवळ आहेत, तिथे एवढ्यावर गल्ली सापडू शकते. आर्वी किंवा कुरखेडा तालुक्यातल्या खेड्यात एकच टॉवर चार-पाच गावं आणि मधलं सगळं शिवार सांभाळतो. तिथे टॉवरवरून मिळालेलं ठिकाण म्हणजे काही किलोमीटरचा पट्टा. एवढ्या पट्ट्यात कपाशीत पडलेला माणूस शोधायचा तर दिवस उजाडेल.

दुसरा मार्ग जीपीएसचा. उपग्रहांचे संकेत फोन स्वतः पकडतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही, रिचार्जही लागत नाही. उघड्या आकाशाखाली तो काही मीटरपर्यंत नेमकं सांगतो. टिनाच्या छपराखाली किंवा जुन्या मातीच्या जाड भिंतींच्या घरात अडखळतो, तेव्हा अंगणात यावं. २०१८ पासून देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये जीपीएस असणं सरकारने बंधनकारक केलं. पण फोनला आपली जागा माहीत असणं वेगळं आणि ती कंट्रोल रूमच्या पडद्यावर उमटणं वेगळं. ‘११२ इंडिया’ हे सरकारी अ‍ॅप ती जागा पाठवतं. अँड्रॉइड फोनमध्ये आपत्कालीन कॉल लावताच ठिकाण आपोआप पाठवण्याची सोयही असते, मात्र समोरच्या राज्याची यंत्रणा तिच्याशी जोडलेली असावी लागते. भारतात उत्तर प्रदेशाने डिसेंबर २०२५ मध्ये ही जोडणी सर्वात आधी केली.

तिसरा मार्ग कागदावरच्या पत्त्याचा. लॅंडलाइनचा आणि फायबर फोनचा पत्ता कंपनीच्या नोंदीत असतो. नोंद बरोबर असेल तर उत्तम. पण गावाकडे कनेक्शन घेताना पत्त्यात ‘मु. पो.’, गाव, तालुका, जिल्हा एवढंच लिहिलेलं असतं, आणि अशा गावात दोनशे घरं असतात.

म्हणून आमचं सांगणं: ठिकाण कळेल ही आशा ठेवा, भरवसा तोंडी पत्त्यावर ठेवा.

इंटरनेट फोनला आपली जागा कळवायला अडचण काय? एवढं तंत्रज्ञान आहे तर.

कारण त्या कॉलला टॉवर नसतो. अ‍ॅपवरचा कॉल आधी इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रापर्यंत जातो. ते यंत्र मुंबईत असेल, दिल्लीत असेल, नाहीतर आणखी कुठे. तिथून तो टेलिफोनच्या जाळ्यात उतरतो. कॉल वणीहून निघाला की वरुडहून, हे पुढच्या जाळ्याला दिसत नाही. शिवाय ११२ चा कॉल त्या त्या राज्याच्या कक्षाकडे वळवावा लागतो. कॉल जिथे जाळ्यात उतरला त्यावरून वळवला गेला, तर तो भलत्याच राज्यात पोहोचतो.

दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या नियामक संस्थेलाही हे माहीत आहे. ट्रायने ऑक्टोबर २०१७ च्या शिफारशींत इंटरनेट टेलिफोनी देणाऱ्यांना आपत्कालीन कॉलची सोय करण्यासाठी प्रोत्साहन द्यावं असं म्हटलं, पण ती सक्तीची करू नये असंही म्हटलं. सेवेच्या मर्यादा मात्र ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत, अशी अट सुचवली. दूरसंचार विभागाने जून २०१८ मध्ये परवान्यांच्या अटी बदलून या सेवेची वाट मोकळी केली. आमच्या मते ग्राहकाला सांगण्याची ती अट सगळ्यात मोलाची आहे आणि सगळ्यात कमी पाळली जाते. कनेक्शन घेताना विक्रेत्याला समोरासमोर विचारा: यावरून ११२ लागतो का, आणि लागला तर कोणत्या पत्त्यावर? उत्तर लेखी मागा.

लाइट गेली की काय?

फायबरचा डबा बंद, वायफाय बंद, त्यावरचा फोन बंद. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, म्हणून गावात अंधार असला तरी तो वाजायचा. ते दिवस गेले. आपल्याकडे वादळ-पावसात लाइट जाते आणि वीज पडणं, झाड कोसळणं, साप निघणं हेही त्याच दिवसांत होतं. डब्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेतला तर घरातल्या डब्याची सोय होते. पण वाटेवरच्या यंत्राला बॅकअप नसेल तर घरी डबा चालू असूनही इंटरनेट नसेल. घरात एक सिमचा, बटणाचा, चार्ज केलेला फोन असू द्या. आम्ही कनेक्शन देतो तेव्हाही हेच सांगतो.

आमच्या घरात टॉवर येत नाही, वायफाय कॉलिंगवर सगळं चालतं. ११२ ला अडचण येईल का?

येऊ शकते. आपत्कालीन कॉल लावताना फोन साधारणपणे आधी मोबाइलचं जाळं शोधतो, स्वतःच्या कंपनीचं नाहीतर दुसऱ्या कोणाचं. सापडलं तर उत्तम, कारण मग टॉवरवरून ठिकाणही मिळतं. सापडलं नाही तर वायफायवरून कॉल जाईल की नाही हे फोनवर आणि कंपनीवर अवलंबून आहे. म्हणून घराबाहेर नेमकी रेंज कुठे येते ती जागा सगळ्यांना ठाऊक असू द्या: धाबं, विहिरीजवळचा उंचवटा, शाळेचं पटांगण, जी असेल ती. म्हाताऱ्या माणसांना एकदा तिथे नेऊन दाखवा.

फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं. तेव्हा कोणता नंबर लावायचा?

११२ लावा, १०८ नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर आसपास आहे, असा त्या पाटीचा अर्थ. मोबाइलच्या जागतिक मानकांनुसार ११२ हा आपत्कालीन नंबर म्हणून फोनच्या आतच नोंदलेला असतो. तो दाबला की फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही कॉल पाठवू शकतो. १०८ हा देशातला नंबर आहे आणि बऱ्याच फोनना तो साध्या नंबरसारखाच वाटतो, म्हणून अशा वेळी तो लागेलच असं नाही. ११२ वर अ‍ॅम्ब्युलन्सची गरज सांगितली तरी चालते.

पत्ता सांगायचा तरी कसा? घाबरलेला माणूस तर फक्त ‘लवकर या जी’ एवढंच म्हणतो.

आधी कॉल कोण घेतं ते जाणून घ्या. महाराष्ट्रात ११२ चे कॉल नवी मुंबई आणि नागपूर इथल्या कक्षांत घेतले जातात आणि तिथून जिल्ह्याच्या पोलिसांकडे, गस्तीच्या गाडीपर्यंत जातात. १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिचे कॉल पुण्यातून हाताळले जातात. म्हणजे तिकडे बसलेल्या मुलाने किंवा मुलीने तुमचं गाव बघितलेलं नाही. ‘बसस्टॉपजवळच्या पाटलांच्या घरी’ हे त्यांना काहीच सांगत नाही.

म्हणून मोठ्याकडून लहानाकडे या. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग ग्रामपंचायत, मग जागा. ‘जिल्हा यवतमाळ, तालुका घाटंजी’ एवढं आधी गेलं की मधेच कॉल तुटला तरी गाडी निदान योग्य तालुक्यात हलवता येते. गावाच्या नावाने सुरुवात केली तर घोळ होतो, कारण पिंपळगाव, बोरगाव, वडगाव, खापरी ही नावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गावाच्या नावापुढे बुद्रुक, खुर्द किंवा आणखी एखादी ओळख लागत असेल तर ती गाळू नका.

वस्ती मूळ गावापासून दूर असेल तर आणखी काळजी घ्या. पूर्वेकडचे टोले, यवतमाळकडची कोलामांची पोडं, मेळघाटातले ढाणे, बंजारा तांडे यांची नावं नकाशावर सापडतीलच असं नाही. आधी गट ग्रामपंचायतीचं नाव सांगा, मग ‘तिथून दोन किलोमीटर, पुलापलीकडचा तांडा’ असं सांगा.

वावरातली घटना असेल तर गाव सांगून भागत नाही. कोणत्या रस्त्याने, कोणत्या फाट्यावरून, डावीकडे की उजवीकडे, गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि पुढे पांदण रस्ता कसा आहे, हे सांगा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत अ‍ॅम्ब्युलन्स रुतते. ती फाट्यावरच थांबवून रोग्याला बंडीवर किंवा ट्रॅक्टरवर तिथपर्यंत आणणं बरेचदा लवकरचं ठरतं, पण हे दोघांनाही आधी ठाऊक हवं. मोटारसायकल घेऊन एकाला फाट्यावर उभं करा आणि त्याचा नंबर कॉलवरच देऊन टाका.

पक्क्या खुणा कोणत्या? जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, ग्रामपंचायत, पाण्याची टाकी, मोठं मंदिर किंवा बौद्ध विहार, नहराचा पूल. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड किंवा पाटी वाचा आणि तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते सांगा. समृद्धी महामार्गावर ‘नागपूरकडे जाणारी बाजू’ की ‘मुंबईकडे जाणारी’ हे सांगितलं नाही, तर गाडी समोरून निघून जाईल आणि वळायला तिला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावं लागेल.

विजेच्या डीपीवर रंगवलेला क्रमांक लाइनमनला ओळखू येतो, विजेच्या अपघातात तो जरूर सांगा. सातबाऱ्यावरचा गट नंबर मात्र सगळ्यात शेवटी, कारण तो अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला उपयोगी नाही, तलाठ्याला आणि कोतवालाला आहे.

हे सगळं एका कागदावर, ठळक अक्षरात, घरातल्या फोनजवळ आणि वावरातल्या कोठ्याच्या दारावर आतून चिकटवा. सालदार बाहेरगावचा असेल, जागलीला एखादा नवा मुलगा जात असेल, तर त्यांच्यासाठी हा कागद फार मोठा आधार आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी करणारा बहुतेकदा एकटा असतो आणि शेत दुसऱ्याचं असतं. त्याला आपण कोणाच्या वावरात आहोत हे माहीत असतं, पण ते वावर कुठल्या फाट्याने येतं हे बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगता येत नाही.

अक्षांश-रेखांश सांगितले तर चालतं का? आणि ते डिजिपिन काय आहे?

चालतं, फक्त वाचताना चूक नको. गूगल मॅप्समध्ये आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. नागपूर शहर साधारण २१.१५ आणि ७९.०९ वर आहे. विदर्भात कुठेही असलात तर पहिला आकडा १८ ते २१ आणि दुसरा ७५ ते ८० यांच्या आसपास सुरू व्हायला हवा. नसेल तर काहीतरी उलटसुलट झालं आहे. पॉइंटनंतर चार आकडे पुरे, त्यावर दहा-अकरा मीटरच्या आत जागा सापडते. तीनच सांगितले तर फरक शंभर मीटरच्या वर जाऊ शकतो. आकडे सुटे वाचा: ‘दोन एक पॉइंट एक पाच’. एकवीस, एकतीस, एक्केचाळीस असं जोडून म्हटलं तर खराब लाइनवर चूक होतेच.

डिजिपिन हा पोस्ट खात्याचा पत्ता-संकेत. मे २०२५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत तो तयार केला आहे. सगळा देश सुमारे चार बाय चार मीटरच्या चौकटींत वाटला आहे आणि प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांचा संकेत आहे. ज्या विहिरीला, कोठ्याला, तांड्यावरच्या घराला घरनंबरच नाही, त्यांच्यासाठी हा चांगला उपाय आहे. काढा आणि त्याच कागदावर लिहून ठेवा. पण कॉलवर आधी जिल्हा-तालुका-गाव आणि नंतर हा संकेत. समोरच्याला तो वापरता आला तर सोन्याहून पिवळं.

आम्ही सीमेवर राहतो. ११२ लावला तर समोरून तेलुगू बोलतात. असं का?

कारण फोनने पलीकडचा टॉवर पकडलेला असतो. सिरोंचाला नदीपलीकडे तेलंगण आहे, देवरीला लागून छत्तीसगड, गोंदियाला बालाघाट, धारणीला बुऱ्हाणपूर-खंडवा, पांढरकवडा आणि झरी-जामणीला आदिलाबाद. जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांवर तर दोन राज्यांचा दावा आहे. टॉवर ज्या राज्यात, कॉल त्या राज्याच्या कक्षाकडे.

फोन ठेवू नका. हिंदीत पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मैं महाराष्ट्र से बोल रहा हूँ, जिला गडचिरोली, तहसील सिरोंचा’. त्यांना कॉल पुढे कळवता येतो. दरम्यान दुसऱ्या फोनवरून आपल्या पोलीस ठाण्याचा एसटीडी कोडसह पूर्ण नंबर लावा. हा नंबर टॉवर कुठलाही असला तरी बरोबर जागीच वाजतो. सीमेवरच्या गावांनी ठाण्याचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा असा पूर्ण नंबर जतन करणं फार गरजेचं आहे.

मुलगा बंगळुरूला आहे, मुलगी अमेरिकेत. इथे काही झालं तर आम्ही आधी त्यांनाच व्हिडिओ कॉल करतो. ते तिकडून ११२ लावू शकतील का?

बंगळुरूहून ११२ लावला की तो कर्नाटकच्या कक्षात जाईल. पुण्याहून लावला तर महाराष्ट्रातच राहील आणि गाव सांगून काम होईल. अमेरिकेतून ११२ किंवा १०८ भारतात लागतच नाही, पुढे +९१ लावलं तरी नाही. असे छोटे नंबर देशाबाहेरून चालत नाहीत.

मुलांकडे हवा तो जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाचा पूर्ण लॅंडलाइन नंबर. नागपूरचा कोड ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, यवतमाळ ०७२३२, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२, गडचिरोली ०७१३२, भंडारा ०७१८४, गोंदिया ०७१८२, बुलढाणा ०७२६२, वाशिम ०७२५२. परदेशातून लावताना पुढचा शून्य काढून +९१ लावायचं. पुढचा नंबर ठाण्यातून किंवा जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावरून घ्या. त्याच यादीत शेजारचं एक घर, पोलीस पाटील आणि आशाताई यांचे नंबर असू द्या. खरं सांगायचं तर वेळेला सगळ्यात आधी पोहोचतं ते शेजारचं घर.

मुलीने तिकडचा इंटरनेट फोन आणून वर्ध्याच्या घरी लावून दिला असेल तर आणखी एक सावधगिरी. अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने २००५ मध्ये अशा फोन कंपन्यांना ९११ या तिकडच्या आपत्कालीन नंबरची सोय आणि ग्राहकाचा नोंदलेला पत्ता ठेवणं सक्तीचं केलं. त्या फोनवरून इथे कोणी ९११ दाबला तर मदत तिच्या तिकडच्या नोंदलेल्या पत्त्यावर निघेल. त्या फोनवर ‘आपत्कालीन कॉलसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावा.

आमच्या जिनिंगमध्ये सगळे फोन इंटरनेटवर आहेत, नंबर नागपूरच्या हेड ऑफिसच्या नावावर. काही करावं लागेल का?

लागेल, आणि आजच. हिंगणघाटच्या जिनिंगला आग लागली आणि तिथल्या टेबलावरच्या फोनने ११२ लावला, तर नोंदीतला पत्ता नागपूरचा निघेल. हेच बँकेच्या शाखेचं, कॉलेजचं आणि पतसंस्थेचं. बाहेरचा नंबर लावायला आधी ० किंवा ९ दाबावा लागतो का तेही बघा. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका मोटेलमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये आईवर हल्ला होत असताना लहान मुलगी ९११ लावत राहिली, पण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायचा असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आई वाचली नाही. तिच्या नावाने ‘कॅरीज लॉ’ हा कायदा २०१८ मध्ये झाला. अशा व्यवस्थांत ९११ थेट लागलाच पाहिजे असं तो सांगतो.

तुमच्या पुरवठादाराला दोन गोष्टी करायला लावा. ११२, १०१ आणि १०८ कोणताही आकडा आधी न दाबता लागले पाहिजेत आणि प्रत्येक शाखेचा पत्ता वेगळा नोंदला गेला पाहिजे. ते होईपर्यंत गेटवर सिमचा एक फोन बांधून ठेवा. कापूस पेटला की विचार करायला वेळ नसतो.

११२ की १०८? बाकीचे नंबर कधी?

गोंधळ असेल तर ११२, त्यात पोलीस, आग आणि आजार सगळं येतं. फक्त अ‍ॅम्ब्युलन्स हवी आणि रेंज चांगली आहे, तर १०८. बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२. वाघ-बिबट किंवा इतर वन्यप्राणी गावात शिरला तर वनविभागाचा १९२६, पण माणूस जखमी असेल तर आधी १०८. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. हे छोटे नंबर सिमच्या फोनवरून लावा.

आजीला स्मार्टफोन जमत नाही.

न जमू दे. २०१७ पासून विकल्या गेलेल्या बटणाच्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरला की आपत्कालीन कॉल लागतो. स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं, काही फोनमध्ये पाचदा. कोणतं बटण आहे ते फोनच्या मागे रंगाने लिहून द्या.

आमच्या गावात टॉवरच नाही, शाळेत तेवढं वायफाय आहे. मग काय?

मेळघाटात, भामरागडकडे अजून अशी गावं आहेत. केंद्राने जुलै २०२२ मध्ये टॉवर नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली, तिचं काम जिथे पोहोचेल तिथे चित्र बदलेल. तोवर इथे व्हॉट्सअ‍ॅप खरोखर कामाचं आहे, पण मधला माणूस हवा. रेंज असलेल्या गावातले दोन-तीन जण ठरवून ठेवा: पोलीस पाटील, आशाताई, किराणा दुकानदार. शाळेच्या वायफायवरून त्यांना व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायचा, लोकेशन पाठवायचं, आणि त्यांनी आपल्या सिमवरून ११२ किंवा १०८ लावून तुमचं ठिकाण सांगायचं. आपण दुसऱ्या गावासाठी बोलतो आहोत हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं पाहिजे, नाहीतर गाडी त्यांच्या दारात येईल. शाळेच्या किल्लीचाही बंदोबस्त हवा. रात्री वायफाय कुलपाआड राहिलं तर ते असून उपयोग काय?

माडिया, गोंडी किंवा कोरकूच बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हा मधला माणूस दुप्पट कामाचा ठरतो. सॅटेलाइट फोन मात्र परस्पर विकत आणू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे.

सगळं नीट चालतं का हे बघायला एकदा ११२ लावून पाहू का?

नको. त्याच क्षणी कोणाचा तरी खरा कॉल रांगेत असू शकतो. पत्ता सांगायचा सराव घरातच करा: एकाने फोन घ्यायचा, दुसऱ्याने जिल्ह्यापासून सुरुवात करायची. बाकी प्रश्न कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा.

कॉल लागला, पत्ता सांगून झाला. आता?

समोरचा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. त्यानंतर तो फोन मोकळा ठेवा, नातेवाइकांना कळवायला दुसरा फोन वापरा. तुम्ही ज्या नंबरवरून बोललात तोच नंबर गाडीच्या ड्रायव्हरकडे जातो आणि रस्ता चुकला की तो त्याच नंबरवर उलट कॉल करतो. इंटरनेटच्या अ‍ॅपवरून कॉल केला असेल तर पलीकडे कधी हेड ऑफिसचा नंबर दिसतो, कधी असा नंबर दिसतो ज्यावर उलट कॉल येतच नाही. म्हणून बोलतानाच एक सिमचा नंबर द्या आणि तो समोरच्याकडून परत वाचून घ्या. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाचा नंबर दिला असेल तर त्याच्या फोनला रेंज आहे ना, हे तो निघण्याआधी विचारा.